एकच शब्द, निकाल वेगळे
(रौप्यमहोत्सवी संमेलनातील भाषणाचा मजकूर)



आपल्याकडे गडचिरोलीत ‘सर्च’ म्हटलं की डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची शोधग्रामची संस्था आठवते. मुंबईत सर्च म्हणजे गूगल. विचारणारा कोण, कुठला, यावर शब्दाचा अर्थ ठरतो. सर्च इंजिनही हेच करतं. आपलं ठिकाण, भाषा आणि आधी काय शोधलं ते पाहून निकालांचा क्रम लावतं. गूगलनं २००५ मध्ये खातेदारांसाठी हे सुरू केलं. डिसेंबर २००९ पासून लॉग-इन न करणाऱ्यांनाही लागू झालं.

याचा फायदा आहेच. रात्री औषधाचं दुकान शोधलं तर चंद्रपूरचंच दिसायला पाहिजे, पुण्याचं काय कामाचं?

पण ‘वाघ’ शोधा. ज्यानं मागे रिसॉर्ट अन् जिप्सी पाहिली, त्याला ताडोबाची सफारी वर दिसू शकते. सिंदेवाहीकडच्या आपल्याच नातेवाइकाला मात्र हवं असतं वेगळंच : मोहफुलं वेचायला पहाटे जावं का? वाघानं बैल मारला तर भरपाईचा अर्ज कुठं द्यायचा? मग दोघं लग्नात भेटतात. एक म्हणतो, वाघामुळे रोजगार आला. दुसरा म्हणतो, रानात जाणं बंद झालं. दोघंही सांगतात, ‘मी नेटवर पाहिलं ना!’ दोघांनीही अर्धंच पाहिलेलं असतं. एलाय पॅरिसर यांनी २०११ च्या पुस्तकात याला ‘फिल्टर बबल’ म्हटलं. आवडीचं ते सगळं कामाचं असतंच असं नाही.

म्हणून तीन साध्या गोष्टी करा. एकच शब्द टाकू नका. गाव, तालुका, नेमकं काम लिहा. गूगल खात्यात शोध-इतिहास बंद करता येतो, तो एकदा करून पाहा. खासगी विंडोत जुना इतिहास वापरला जात नाही, ठिकाण मात्र कळू शकतं. आणि आजारपण, जमीन किंवा मतदान असा विषय असेल, तर घरातल्या दोन-तीन मोबाइलवर तोच प्रश्न टाकून निकाल शेजारी ठेवा.

पंचवीस वर्षं आपण एका जिन्यानं चढतो-उतरतो, पण प्रत्येकाच्या हातातली खिडकी वेगळ्या बाजूला उघडते. शेजाऱ्याला त्याच्या खिडकीतून काय दिसतं, हे जिन्यातच विचारलेलं बरं.