एक नाव, चार नंबर

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात ज्येष्ठ नागरिकांच्या दुपारच्या बैठकीत केलेलं भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिलं आहे. बोलताना निसटलेल्या एक-दोन गोष्टी यात घातल्या आहेत.)



पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'मोबाईलचा सुयोग्य वापर' असा छापला आहे. तो विषय फार मोठा आहे आणि मला त्यातलं फारसं कळत नाही. मी फक्त फोनमधल्या नावांच्या यादीवर बोलणार आहे. एकाच माणसाचं नाव तिथे चारचारदा कसं येतं आणि ते निस्तरायचं कसं, एवढंच. मागे चहाचा थर्मास आलेला मला दिसतोय, तेव्हा वेळ पाळतो.

मी या भानगडीत का पडलो ते आधी सांगतो. गेल्या वर्षी जुलैत, रात्री पावणेदोनच्या सुमारास, माझ्या दाराची बेल वाजली. दारात बी विंगच्या वहिनी. अण्णांना दरदरून घाम आलाय, छातीत दुखतंय, मुलाला फोन लावा म्हणाल्या. त्यांचा स्वतःचा फोन चार्जिंगअभावी बंद पडलेला, आणि नंबर पाठ नाही. आता कुणाला असतो? मी म्हटलं, काळजी करू नका, माझ्याकडे आहे. आणि होताच. चार वेळा होता.

एक नाव इंग्रजीत, एक मराठीत, एक नुसतं 'अण्णा सन' आणि एक नावापुढे 'न्यू' लिहिलेलं. पहिला लावला, हा क्रमांक अस्तित्वात नाही. दुसरा लावला, तो कुणीतरी हिंदीत बोलणाऱ्या गृहस्थांनी उचलला. झोपमोड झाल्यावर माणूस जे बोलतो ते ते बोलले. मग साहजिकच मी 'न्यू' लावला. तो निघाला त्याच्या आधीच्या कंपनीतला टेबलावरचा फोन. रात्री दोनला कोण उचलणार? 'न्यू' हा शब्द मी कुठल्या साली लिहिला होता, देव जाणे. चौथा लागला. घड्याळात पाहिलं तर अकरा मिनिटं गेली होती.

त्या अकरा मिनिटांत काम केलं ते आपल्या वॉचमननं. त्याच्या केबिनच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला आहे, त्यावर १०८ लिहिलेलं आहे. वहिनी जिना उतरताना त्यानं पाहिल्या, विचारलं आणि फोन लावला. मी चौथा नंबर शोधत होतो तेव्हा ॲम्ब्युलन्स निघालेली होती. अण्णा आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत. हे सांगण्याची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली आहे. ते म्हणाले, सांग, पण माझं वजन सांगू नकोस.

दुसऱ्या दिवशी मी फोन घेऊन बसलो आणि नावं मोजली. १,३१२. मंडळी, मी काही आमदार नाही. एवढी माणसं माझ्या ओळखीची असणंच शक्य नाही.

बँकेतल्या माणसाला अशा वेळी खतावणी आठवते. आमच्या शाखेत कोअर बँकिंग येण्याआधी बचत खात्याचं लेजर वेगळं, मुदत ठेवीचं वेगळं, कर्जाचं वेगळं, लॉकरचं रजिस्टर आणखी वेगळं. सगळं संगणकावर चढवल्यावर एकच खातेदार पाच ग्राहक-क्रमांकांनी उगवला. कुठे आद्याक्षरं, कुठे पूर्ण नाव, कुठे आडनाव आधी. मग वरून हुकूम आला, दुबार नोंदी एकत्र करा. महिनाभर संध्याकाळी बसून आम्ही त्या एकत्र केल्या.

त्यात एक चूक झाली आणि तिच्यावर सही माझी होती. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत आहे. नावं बदलून सांगतो. आजोबा गोविंद रामचंद्र. त्यांचा मुलगा रामचंद्र गोविंद. त्याचा मुलगा पुन्हा गोविंद रामचंद्र. आडनाव तेच, पत्ता तोच, वाडाही तोच. जुन्या लेजरमध्ये जन्मतारखेचा रकाना रिकामा. आम्ही आजोबा आणि नातू एकत्र करून टाकले. आजोबांची पेन्शन आणि नातवाचं शैक्षणिक कर्ज एका क्रमांकाखाली आलं आणि हप्ता थकल्यावर पेन्शनचे पैसे अडकले. म्हातारबाबा पासबुक घेऊन माझ्या टेबलापाशी आले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "साहेब, मी इंजिनिअरिंगला कधी होतो?" दोन दिवसांत दुरुस्त केलं, घरी जाऊन माफी मागितली. पण ते दोन दिवस त्यांनी औषधं उधारीवर आणली होती, हे मला नंतर कळलं. पुढे २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सगळ्याच बँकांना प्रत्येक ग्राहकाला एकच ओळख-क्रमांक द्यायला सांगितलं. मी तोवर निवृत्त झालो होतो. वाचल्यावर पहिले ते बाबाच आठवले.

एवढं सांगायचं कारण असं, की दोन नोंदी असल्या तर वेळ जातो, पण दोन माणसं एक झाली तर त्याहून वाईट. फोनमध्येही तसंच आहे.

आता या नोंदी होतात कशा? आपल्या पिढीचं उत्तर सोपं आहे. पहिला फोन बटणांचा होता. नावं सिमकार्डावर राहायची, दोनशे-अडीचशेच मावायची आणि एका नावाला एकच नंबर. म्हणून 'जोशी घर', 'जोशी ऑफिस', 'जोशी मोबाईल' अशा तीन ओळी. मग नवा फोन घेतला, दुकानातल्या पोरानं सिमवरची नावं फोनमध्ये उतरवली. सिमवरही राहिली. मग गुगलचं खातं उघडलं, तिथे आणखी एक प्रत गेली. शिवाय जानेवारी २०११ मध्ये नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर आली. त्याआधी कंपनी बदलली की नंबर बदलायचा आणि आपण 'न्यू' लिहायचो. माझ्याकडे 'न्यू', 'न्यू न्यू' आणि 'लेटेस्ट' असे तिन्ही होते. एकाच भाच्याचे.

फोनला हे एकत्र करता येतं. गुगलच्या कॉन्टॅक्ट्स ॲपमध्ये 'ऑर्गनाइझ' म्हणून जागा आहे, तिथे 'मर्ज अँड फिक्स' दिसतं. आयफोनवाल्यांना २०२२ च्या आयओएस १६ पासून यादीच्या वरतीच दुबार नावं सापडल्याची सूचना येते. माझी नात म्हणाली, "आजोबा, 'मर्ज ऑल' दाबा, झालं." मी दाबलं. चुकलंच. लेजरचा धडा विसरलो.

झालं असं की माझ्याकडे दोन 'पाटील साहेब' होते. एक आमचे जुने झोनल मॅनेजर, वय ७८. दुसरे आपल्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलेले कॉन्ट्रॅक्टर. फोननं नाव सारखं पाहून दोघांना एक केलं. आठवड्यानं सी विंगच्या छताला ओल आली म्हणून मी मेसेज टाकला, "साहेब, गळती पुन्हा सुरू झाली आहे. काय करायचं?" तासाभरानं उत्तर आलं, "माझीही. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली आहे, नाव पाठवतो."

(इथे बराच वेळ हशा झाला, तेवढ्यात चहाही आला.)

तर पद्धत सांगतो. आधी सगळ्या यादीची एक प्रत काढून ठेवायची, 'एक्सपोर्ट' म्हणतात त्याला. ती फाईल स्वतःलाच मेल करायची. दिवसाखेर टॅली लागली नाही तर जुनं पान हाताशी हवं, तसंच हे. मग सिमवरची नावं गुगलच्या खात्यात घ्यायची, कारण वेगवेगळ्या खात्यांतली नावं तो एकत्र करत नाही. तुमची दोन खाती असतील तर आधी एक ठरवा. आणि मग एकेक जोडी बघून 'मर्ज'. 'ऑल' नाही. चुकलंच तर तीस दिवसांच्या आत यादी मागच्या तारखेला नेता येते. माझे दोन पाटील त्यामुळेच सुटे झाले. मराठीत एकदा आणि इंग्रजीत एकदा लिहिलेलं नाव, दोन्हींचे नंबर वेगळे असतील तर, माझ्या फोनला तरी एकच माणूस म्हणून ओळखता आलं नाही. ते हातानंच करावं लागलं.

पण खरी गोम पुढे आहे. चार ओळींची एक ओळ झाली, तरी तिच्या पोटात चार नंबर तसेच राहतात. त्यातला चालू कुठला, हे फोनला माहीत नसतं. त्या रात्री माझ्याकडे अण्णांच्या मुलाची एकच नोंद असती आणि तिच्यात हे चार नंबर असते, तरी माझी अकरा मिनिटं गेलीच असती. चालू नंबर कळायचा एकच मार्ग, फोन लावून बघणं.

म्हणून मी फोन लावले. रोज दुपारी चार ते पाच, दिवसाला दहा-बारा. चातुर्मासात लोक पोथी वाचतात, मी यादी वाचली. काहींनी ओळखलं नाही. "कोण? कुठल्या बँकेतले?" असं म्हणून ठेवला. एका जुन्या सहकाऱ्याशी प्रमोशनवरून वाजलं होतं, नऊ वर्षं बोलणं नव्हतं. मी म्हटलं, नंबर तपासतोय. तो म्हणाला, "चालू आहे. मीही चालू आहे." पुढे पाऊण तास बोललो. प्रमोशनचा विषय दोघांनीही काढला नाही.

आणि एक नंबर आपल्या पहिल्या चेअरमनांचा होता. ज्यांनी कन्व्हेयन्ससाठी बिल्डरच्या दारात चपला झिजवल्या, ते. माझ्याकडे 'चेअरमन' नावाच्या चार नोंदी निघाल्या, पंचवीस वर्षांतल्या चार चेअरमनांच्या. त्यातली पहिली त्यांची. ते जाऊन सहा वर्षं झाली, हे मला माहीत होतं. तरी मी तो नंबर लावला. का लावला ते विचारू नका.

तो वाजला. एका तरुण मुलानं उचलला. बंद झालेला नंबर ९० दिवस तरी कुणाला देत नाहीत, त्यानंतर तो दुसऱ्याला देता येतो. तसा याला मिळाला असणार. लातूरकडचा होता, शिकायला आलेला. मी म्हटलं, चुकून लागला. तो म्हणाला, "काका, चेअरमनसाहेबांसाठी का? मला अजून येतात फोन. पहिल्या वर्षी तर फार यायचे. कुणी पाण्याचा टँकर आला नाही म्हणून, कुणी लिफ्ट बंद आहे म्हणून." मी विचारलं, मग तू काय करायचास? म्हणाला, "मी सांगायचो, बघतो."

म्हणजे चेअरमन गेल्यावरही वर्षभर आपण त्यांच्याकडे तक्रारी केल्या, आणि त्यातल्या निम्म्या तक्रारींना उत्तर तेच मिळालं जे ते हयात असताना मिळायचं. वहिनी समोर बसल्या आहेत. त्या हसताहेत, म्हणून बोललो.

तो नंबर मी काढून टाकला. त्या मुलाला उगाच त्रास नको. नाव ठेवलं आहे. नंबर नसलेलं नाव फोनमध्ये ठेवता येतं. त्याखाली टिपण लिहायची जागा असते, तिथे मी सोसायटीच्या नोंदणीची तारीख लिहिली आहे.

माझी यादी आता ५४० वर आली आहे. प्रत्येक नावापुढे फ्लॅट नंबर किंवा नातं लिहिलं आहे, नुसतं 'साहेब' कुणीच नाही. 'न्यू' हा शब्द बंद केला. त्याऐवजी ज्या वर्षी नंबर घेतला ते साल लिहितो.

बाहेर टेबलावर कोरे कागद ठेवले आहेत. प्रत्येक घरानं फ्लॅट नंबर, आपला एक चालू नंबर आणि बाहेर राहणाऱ्या मुलामुलींपैकी एकाचा चालू नंबर लिहून द्यायचा. मी स्वतः लावून बघणार आहे, म्हणून पुढच्या आठवड्यात दुपारी चार ते पाच फोन उचला. तपासून झाल्यावर एक प्रत सेक्रेटरींकडे राहील आणि एक वॉचमनच्या केबिनमध्ये बंद पाकिटात, १०८ च्या कागदाखाली. दरवर्षी वार्षिक सभेच्या दिवशी ती बदलायची. हे काम मी आणखी दोन-तीन वर्षं करीन. त्यानंतर तरुणांपैकी कुणीतरी घ्यावं, आज नाव दिलंत तरी चालेल.

आणि एक विनंती. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनमध्ये माझं नाव 'ट्रेझरर' असं आहे. मी २०११ पासून ट्रेझरर नाही. मेंटेनन्सच्या पावतीसाठी मला येणारे फोन कृपया आता ए-३०२ कडे वळवावेत.