नोटरीचा शिक्का



तालुक्याच्या कचेरीच्या आवारात सकाळी अकराच्या सुमारास थोडा वेळ उभे राहिले, की एक प्रश्न हमखास कानी पडतो. "नोटरी कुठं बसतात हो?" कोणाचे सातबाऱ्यावर एक नाव असते नि आधार कार्डावर दुसरे, दोन्ही नावांचा माणूस मीच, असे प्रतिज्ञापत्र त्याला हवे असते. कोणाचा मुलगा पुण्यात नोकरीला असतो, त्याच्या नावे मुखत्यारपत्र करायचे असते. आणि मग थोड्या वेळाने दुसरे वाक्य ऐकू येते. "ते वकीलसाहेब फार विचारतात बुवा. त्यापेक्षा तिकडे चला, तिथं लगेच होतं." आज मला या दुसऱ्या वाक्याविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत.

आधी नोटरी म्हणजे कोण, ते पाहू. नोटरी हा बहुधा वकीलच असतो. काही वर्षे वकिली केलेल्या माणसाला केंद्र किंवा राज्य सरकार नोटरी नेमते. त्याला ठरावीक क्षेत्रासाठी प्रमाणपत्र मिळते, त्याची मुदत पाच वर्षे असते, पुढे नूतनीकरण करावे लागते. कायदा १९५२ चा. तो १४ फेब्रुवारी १९५६ पासून अमलात आला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आपले उदगीर हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आले. त्यापूर्वी हा भाग बिदर जिल्ह्यात होता. म्हणून आजही आपल्याकडच्या जुन्या पेटाऱ्यांतून उर्दू कागद निघतात. कागदाचे भाषांतर करणे आणि ते बरोबर असल्याची खात्री देणे, हेही नोटरीच्या कामांत कायद्याने घातले आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

पण त्याचे मुख्य काम एकच. ज्याची सही आहे तोच माणूस माझ्यासमोर आला, त्यानेच राजीखुशीने सही केली, असे तो सांगतो. म्हणजे तो सरकारने नेमलेला साक्षीदार झाला! आता साक्षीदाराने न पाहिलेली गोष्ट पाहिली म्हणून सांगितली, तर त्या साक्षीला किंमत ती काय?

नोटरी नकार देतो, तो बहुधा याच कारणाने. सही करणारा हजर नसतो. "सही घरूनच करून आणली आहे" असे सांगतात. ओळखीचा पुरावा नसतो. कागदात जागा कोऱ्या असतात, रक्कम नि गट नंबर नंतर भरायचा असतो. किंवा अंगठा लावणाऱ्या म्हातारीला कागदात काय आहे हेच ठाऊक नसते. अशा वेळी जो विचारतो, मजकूर तिच्या बोलीत वाचून दाखवतो आणि तसे कागदावर लिहून ठेवतो, तो आपला वेळ खात नाही. तो आपली राखण करतो.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. काही कामे नोटरीची नसतातच. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या जमिनीचे, घराचे खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच लागते. १९०८ च्या नोंदणी कायद्याने ते सक्तीचे आहे. बॉण्डवर लिहून नोटरीचा शिक्का घेतला म्हणजे प्लॉट आपला झाला, असे समजून कष्टाचा पैसा मोजणारे लोक आपल्या आसपास थोडे नाहीत. तसेच लग्न आणि काडीमोड. नोटरीने विवाहाचे किंवा घटस्फोटाचे दस्त करू नयेत, असे केंद्राच्या विधी खात्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा बजावले आहे. मृत्युपत्राला मात्र नोटरीची सक्ती नाही. करणाऱ्याची सही नि दोन साक्षीदार, ही त्याची मुख्य गरज.

आता आपल्या घरातली गोष्ट. पंचमीला बहीण माहेरी येते. पुरणाचे जेवण होते, आणि संध्याकाळी भाऊ म्हणतो, "अक्का, एवढ्या कागदावर सही कर, कर्जाचं काम आहे." कागद असतो हक्कसोडपत्राचा! वडिलोपार्जित शेतीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे. २००५ च्या दुरुस्तीने तो देशभर झाला, महाराष्ट्राने तर १९९४ मध्येच त्या दिशेने पाऊल टाकले होते. हक्क सोडायचा असेल तर तिने खुशाल सोडावा, तो तिचा प्रश्न. परंतु शेतजमिनीचे हक्कसोडपत्रही नोंदवावे लागते, आणि त्याआधी ते तिला समजावे लागते. "अक्का, हे कशाचं आहे, ठाऊक आहे का?" एवढे एक वाक्य विचारणारा नोटरी तिला भेटला, तर तिचे पाच एकर वाचू शकतात. न विचारणारा भेटला, तर पुढे दहा वर्षे कोर्ट, आणि भाऊबीज कायमची बंद.

तेव्हा चांगला नोटरी कसा ओळखावा? प्रमाणपत्र मुदतीत आहे का, ते पाहावे. गोल शिक्क्यावर त्याचे नाव, क्षेत्र आणि नोंदणी क्रमांक असतो. फीचे दर कार्यालयाच्या आत आणि बाहेर लावावेत, घेतलेल्या पैशाची पावती द्यावी, असा नियम आहे. पावती मागायला संकोच नको. आपल्या कागदाची नोंद त्याच्या नोंदवहीत झाली का, तेही विचारावे. घरात कोणी अंथरुणाला खिळले असेल तर त्याची सही आणून देऊ नये, नोटरीला घरी न्यावे. प्रवासखर्च घेण्याची तरतूद नियमांत आहे.

शिक्षकबंधूंना एक विनंती. गावात कागद वाचून घ्यायला लोक तुमच्याकडेच येतात. पुष्कळ दाखल्यांसाठी नोटरीची गरजच नसते. राज्य सरकारने ९ मार्च २०१५ च्या निर्णयाने स्वयंघोषणापत्र चालेल असे ठरवले आहे. हे त्यांना सांगा, म्हणजे गरिबाची एक खेप वाचेल. आणि वकिलाची फी झेपत नसेल, तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीचा रस्ता दाखवा. स्त्रियांना, अनुसूचित जातीजमातींच्या लोकांना तेथे मोफत सल्ला मिळतो, मग मिळकत कितीही असो.

शेवटी एवढेच सांगतो, कचेरीत गेल्यावर "लगेच कोण करून देईल?" असे विचारू नका. "वाचून, समजावून कोण करून देईल?" असे विचारा. तासभर जास्त बसावे लागेल, पण घरी परत येताना हातातला कागद कशाचा आहे, हे तुम्हांला ठाऊक असेल.