तो गाव कुठला?

एन्रॉनविरोधाच्या दिवसांत गुहागर तालुक्यातल्या एका वाडीवर मी भाषण केले होते. ‘भांडवलदार येण्याआधी आपला गाव स्वयंपूर्ण होता,’ असे ठासून सांगितले. टाळ्याही पडल्या. सभा उठल्यावर एक वृद्ध मावशी जवळ आल्या आणि म्हणाल्या, “बाबा, तू सांगतोस तो गाव कुठला रे?”

मला उत्तर सुचले नाही. त्यांच्या सासऱ्यांनी खोताच्या शेतात वेठ केली होती, नवरा परळच्या गिरणीत होता. घरचे भात शिमग्यापर्यंत कसेबसे पुरे. पुढे पोस्टमनची वाट पाहायची. गिरणीच्या पगाराची मनिऑर्डर आली की दुकानदाराची उधारी फिटे. म्हणजे भांडवलशाहीशी आमचे नाते एन्रॉनच्या कितीतरी आधीचे. १९८२ चा संप झाला तेव्हा परळइतकीच झळ आमच्या वाड्यांना लागली.

आणि खोती? ज्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, त्या डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. कायदा व्हायला १९४९ उजाडले. हे सगळे मला पाठ होते, तरी भाषणात आले नाही. माझे आजोबा खोत होते. मावशींना माझे आडनाव ठाऊक होते!

टीका करताना आपण ‘गाव’ नावाचे एकसंध कुटुंब गृहीत धरतो. जमीन गेली की मोबदला सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळतो. त्याच बागेत पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या गड्याचे काय, हे आमच्या पत्रकात नसे.

दुसरे गृहीत मालकाबद्दलचे. परदेशी कंपनी, म्हणून अन्याय, असे आम्ही म्हणत असू. एन्रॉनची वीज महाग होती, करार मंडळाला झेपणारा नव्हता. ती टीका मी आजही मागे घेणार नाही. पण डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली, आणि २००५ मध्ये तो प्रकल्प एनटीपीसी व गेल यांचा मोठा वाटा असलेल्या नव्या कंपनीकडे गेला. जैतापूरचा प्रकल्प तर पहिल्यापासून सरकारी अणुऊर्जा महामंडळाचा. तिथेही जमिनी सक्तीने घेतल्या गेल्या, आणि एप्रिल २०११ मध्ये साखरी नाटे इथे पोलिसांच्या गोळीबारात एकाचा जीव गेला. तिथे आमचा ‘नफेखोर’ हा शब्द तोकडा पडला. लोक विचारत होते, ‘ठरवण्याआधी आम्हांला कोणी विचारले का?’

पुढे मी भाषणाची सुरुवात खोतीपासून करू लागलो. काही सहकाऱ्यांना ते रुचले नाही. “आत्ता कशाला हे? फूट पडेल,” ते म्हणाले. भीती खोटी नव्हती. एक-दोन बागायतदार यायचे थांबलेच. मावशी मात्र पुढच्या सभेला पुढे येऊन बसल्या.