मज्जारज्जूची इजा आणि परदेशचा इलाज
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने आम्हांस या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, ती आम्ही वैद्यकशास्त्राचे जाणकार आहोत म्हणून नव्हे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि हयात गेली मुलांना शिकविण्यात. परंतु आमच्या धाकट्या बंधूंचा २६ वर्षांचा मुलगा आंबे उतरविताना झाडावरून पडला, मणका मोडला आणि कमरेखालचे अंग लुळे पडले; तेव्हापासून दीड वर्ष हा एकच विषय आमच्यापुढे आहे. संस्थेच्या वैद्यकीय साहाय्य निधीकडेही परदेशी उपचारांसाठी मदत मागणारे अर्ज येऊ लागले आहेत. म्हणून जे समजले ते सांगणे आम्ही कर्तव्य मानतो.

मणका आणि मज्जारज्जू या दोन निराळ्या वस्तू आहेत. मणका हे हाड. ते स्क्रू आणि सळया घालून स्थिर करता येते, आणि ही शस्त्रक्रिया आपल्या मोठ्या शहरांत उत्तम होते. त्या हाडाच्या पोकळीतून जाणारा मज्जारज्जू चिरडला, की त्यातील तंतू पुन्हा वाढत नाहीत. इजा अपुरी असेल तर पहिल्या काही महिन्यांत थोडीफार हालचाल आपोआप परत येते. नेमक्या याच काळात कोणी परदेशी जाऊन आला, तर निसर्गाचे श्रेय तेथील इलाजाला मिळते! इजा पूर्ण असेल, तर तो रज्जू पूर्ववत करणारा सिद्ध उपाय आज जगातील कोणत्याही देशात नाही. हे वाक्य आमच्या बंधूंना सांगताना आमची जीभ अडखळली. ते म्हणाले, "दादा, बाग विकली तरी चालेल, पण पोरगा उभा राहिला पाहिजे." बापाला दुसरे काय सुचणार?

मग परदेशात काहीच नाही काय? आहे, आणि ते फार मोठे आहे. पहिल्या महायुद्धात अशा जखमी सैनिकांपैकी बहुतेक दगावले. पुष्कळांना मृत्यू आला तो शय्याव्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने. जर्मनीतून १९३९ साली परागंदा झालेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमन यांनी फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडातील स्टोक मँडेव्हिल येथे या रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. रात्रंदिवस दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलणे, मूत्राशयाची काटेकोर निगा राखणे, आणि रुग्णाला अंथरुणातून उठवून कामाला व खेळाला लावणे, ही त्यांची पद्धत. २९ जुलै १९४८ रोजी तेथे चाकांच्या खुर्चीतील १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा झाली; तिच्यातूनच पुढे पॅरालिंपिक क्रीडा निर्माण झाल्या.

ही विद्या आपल्या देशात आणली ती मुख्यतः जे स्वतः जायबंदी झाले त्यांनी. डॉक्टर मेरी वर्गीस यांना १९५४ साली मोटार अपघातात ही इजा झाली. ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत शिकून त्या परत आल्या आणि वेल्लोर येथे त्यांच्या प्रयत्नांतून उभे राहिलेले पुनर्वसन केंद्र १९६६ साली सुरू झाले. मेजर अहलुवालिया २९ मे १९६५ रोजी एव्हरेस्टवर चढले आणि त्याच वर्षीच्या युद्धात त्यांच्या मज्जारज्जूला गोळी लागली. तेही स्टोक मँडेव्हिलला गेले, परत आले ते चाकांच्या खुर्चीतूनच, आणि पुढे त्यांनी दिल्लीत मज्जारज्जूच्या इजेसाठी मोठे रुग्णालय उभारले. आपले इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर त्याच युद्धात जखमी झाले. १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक जिंकले. मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासून सरकारी पुनर्वसन संस्था आहे, सैनिकांसाठी खडकीला १९७४ पासून केंद्र आहे. इंग्लंडास जे शिकण्यासाठी जावे लागे, त्यातील पुष्कळसे आज येथे शिकता येते.

आता दुसऱ्या प्रकारच्या परदेशाविषयी. आमच्या बंधूंना एका मध्यस्थाने पूर्वेकडील एका देशातील दवाखान्याचे पत्र आणून दिले: मूळपेशींची इंजेक्शने, २८ लक्ष रुपये, शिवाय प्रवासखर्च. आम्ही उत्तरी विचारले, की पूर्ण इजा झालेल्या किती रुग्णांची एका वर्षानंतर तपासणी झाली आणि ती आपल्याबाहेरच्या डॉक्टराने केली काय? उत्तरादाखल काही हसरी छायाचित्रे आली आणि बँकेचा खाते क्रमांक आला.

अशी बाहेरून तपासणी एकदा झालेली आहे. चीनमध्ये पेशीरोपण करून घेतलेल्या सात रुग्णांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. उपयोगी पडेल अशी सुधारणा एकातही आढळली नाही, उलट पाच जणांना मेंदूच्या आवरणाच्या दाहासारखे उपद्रव झाले. पोर्तुगालमध्ये नाकातील पेशी मज्जारज्जूत बसवून घेतलेल्या एका तरुणीच्या पाठीत आठ वर्षांनी गाठ निघाली, ती नाकातल्यासारख्या ऊतींची. हे २०१४ साली प्रसिद्ध झाले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार या इजेवर मूळपेशी केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच वापरता येतात. चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घ्यावयाचे नसतात, ही खूण ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

प्रवासही सोपा नाही. ज्याला त्वचेची संवेदनाच नाही, त्याला आठ-दहा तास एका आसनावर बसविले तर व्रण पडतो आणि तो भरून येण्यास महिने लागतात. पायांतील शिरांत रक्ताची गुठळी होण्याचे भय निराळेच. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी वैद्यकीय कारणासाठी परदेशी रक्कम पाठविता येते, मोठ्या रकमेस डॉक्टरांचा अंदाजपत्रकवजा दाखला लागतो. ती अडचण त्यामानाने किरकोळ.

बाग विकली गेली नाही. मुलाला देशातच पुनर्वसनासाठी दोन महिने ठेवले. तो चालत नाही. अंथरुणातून खुर्चीवर स्वतः सरकतो, लघवीची नळी स्वतः घालतो, आंब्याच्या पेट्यांचा हिशेब ठेवतो. त्याच्या मातोश्रींचे समाधान झालेले नाही. तो गावातील देवीला चालत जाईल, या आशेवर त्या अजून आहेत आणि आम्ही त्यांच्याशी वाद घालीत नाही.

निधीच्या चालकांस आमची विनंती अशी: परदेशगमनाचा अर्ज आल्यास देशातील पुनर्वसन तज्ज्ञाचे लेखी मत जोडल्यावाचून तो विचारात घेऊ नये. आणि संस्थेने चाकांच्या दोन चांगल्या खुर्च्या, हवेच्या दोन गाद्या आणि दारासमोर टाकावयाचा एक लाकडी उतार विकत घेऊन कार्यालयात ठेवावा, गरजूंना तो विनामूल्य द्यावा. पहिल्या खुर्चीची रक्कम आम्ही आजच चिटणिसांच्या स्वाधीन करीत आहोत.