नाचाच्या क्लासचे मास्तर कुठे शिकले?



जून महिना लागला, वह्या-पुस्तकांना कव्हरं घालून झाली, की मला एक प्रश्न हमखास येतो. 'काका, पोरीला नाचाच्या क्लासला घालायचंय. कुठला चांगला आहे ओ?' मी काही नर्तक नव्हे. मी तबला वाजवतो. कथकच्या क्लासला, परीक्षेला, कधी हुतात्मा स्मृती मंदिरातल्या कार्यक्रमाला साथ करता करता तीस-बत्तीस वर्षं गेली. तबलजी कोपऱ्यात बसलेला असतो. त्याच्याकडे कोणी बघत नाही आणि त्याला सगळं दिसतं.

आईवडील काय विचारतात, तेही मी ऐकतो. फी किती, वेळ कोणती, गॅदरिंगला पुढच्या रांगेत उभं करणार का. शिकवणाऱ्या बाई किंवा सर स्वतः कोणाकडे शिकले, किती वर्षं शिकले, हे शंभरात एखादाच विचारतो. शाळेच्या मास्तरांची डिग्री बघणारा माणूस इथे नुसती पाटी बघून पैसे भरतो. म्हणून आज या पाटीबद्दलच बोलणार आहे.

पाटीवर बहुतेक वेळा 'विशारद' असं लिहिलेलं असतं. म्हणजे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर १९३१ साली गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी हे मंडळ उभं केलं. मुख्य कार्यालय मिरजेला, म्हणजे आपल्यापासून काही फार लांब नाही. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मग मध्यमा दोन, विशारद दोन. सात पायऱ्या झाल्या. त्यापुढे अलंकार. वर्षाला एक पायरी धरली तरी विशारद व्हायला सात वर्षं लागतात, आणि मधे दहावी-बारावी आली की आठ-नऊ. तेव्हा विशारद झालेल्या मुलीनं घाम गाळलेला असतो, यात शंका नको. परीक्षकांसमोर नुसतं नाचून भागत नाही. तुकडा आधी हातानं ताल देत तोंडानं म्हणून दाखवावा लागतो. त्याला पढंत म्हणतात. तीनतालाच्या सोळा मात्रांत दुगुण, चौगुण करताना सम चुकली, तर पहिल्यांदा ते तबलजीला कळतं आणि मग परीक्षकांना.

पण त्या दिवशी परीक्षक बघतात ते नाचणारीला. सहा वर्षांच्या, एका जागी दोन मिनिटं उभं न राहणाऱ्या पोराला ततकार कसा शिकवशील, हे तिला फारसं कोणी विचारत नाही. उत्तम नाचणारी आणि उत्तम शिकवणारी ही दोन वेगळी माणसं असू शकतात. आपल्याकडे जुन्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. दक्षिणेत भरतनाट्यम शिकवणारे नट्टुवनार स्वतः रंगमंचावर नाचत नसत. हातात झांजा घेऊन बोल म्हणायचे, शिष्येला नाचवायचे, आणि शिकवणं हाच त्यांचा पिढ्यान् पिढ्या धंदा. यातले सर्वांत नावाजलेले म्हणजे चिन्नैया, पोन्नैया, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ. आज भरतनाट्यमचा कार्यक्रम अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंत ज्या क्रमानं होतो, त्याचं श्रेय त्यांना देतात. हे भाऊ होते कोणाच्या दरबारात? तंजावरच्या सरफोजीराजांच्या. म्हणजे भोसल्यांच्या! या सरफोजीराजांनी १७९८ ते १८३२ राज्य केलं आणि नृत्यासाठी मराठीतून निरूपणं रचली. मुंबईचे आचार्य पार्वतीकुमार यांनी त्यांचा अभ्यास करून ती पुन्हा रंगमंचावर आणली. तेव्हा भरतनाट्यम म्हणजे परक्यांचा नाच, असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं.

सोलापुरात तर असं म्हणायची सोयच नाही. इथल्या पूर्व भागातल्या तेलुगू घरातली मुलगी क्लासला येते आणि क्षेत्रय्यांचं पद लागतं. बाकीच्या मुलींना बाई शब्दाशब्दाचा अर्थ सांगत असतात, आणि या मुलीच्या चेहऱ्यावर तो आधीच उमटलेला असतो. घरी बोलतात तीच भाषा, जरा जुनी. बाहेरगावाहून आलेल्या शिक्षकाला हे लक्षात यायला वर्ष लागतं. इथल्याच शिक्षकाला पहिल्या दिवशी कळतं.

शिक्षकाचं शिक्षण कसं असावं, याचं माझ्या डोळ्यांसमोरचं उदाहरण मात्र पुण्याचं आहे. रोहिणीताई भाटे. जन्म १९२४ चा. आधी पार्वतीकुमारांकडे भरतनाट्यम शिकल्या, मग पंडित सोहनलाल यांच्याकडे जयपूर घराण्याचं कथक. १९४७ साली त्यांनी पुण्यात नृत्यभारती ही संस्था काढली. दुसरं कोणी असतं तर 'आता मी गुरू झाले' म्हणून थांबलं असतं. या मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षं शिकत राहिल्या. लखनौ घराण्याच्या लच्छू महाराजांकडे, आणि लखनौच्या भातखंडे महाविद्यालयात शिकवलेल्या मोहनराव कल्याणपूरकरांकडे. स्वतःच्या वर्गात शिष्या वाट बघतायत आणि बाई दुसरीकडे शिष्या होऊन बसल्यात, असा तो प्रकार. शिवाय वाचन दांडगं. इसाडोरा डंकनचं आत्मचरित्र त्यांनी 'मी इसाडोरा' म्हणून मराठीत आणलं. २००८ साली त्या गेल्या. आज महाराष्ट्रात कथक शिकवणाऱ्या कितीतरी बायकांची वंशावळ त्यांच्यापर्यंत जाते. पुणे विद्यापीठात १९८७ साली ललित कला केंद्र सुरू झालं. तिथं गुरूकडे बसून शिकता शिकता नृत्याची पदवीही मिळते. तो रस्ता आता आहे, पण त्यासाठी गाव सोडावं लागतं आणि प्रत्येक घराला ते परवडत नाही.

आता दुसऱ्या मास्तरांबद्दल. यांच्या पाटीवर विशारद नसतं, 'वेस्टर्न, बॉलिवूड, फ्रीस्टाइल' असतं. शास्त्रीयवाले यांना नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. यातली बरीच मुलं मंडळाच्या लेझीम पथकातून आलेली असतात. गणपतीत आणि शिवजयंतीला आपल्याकडे लेझीम कशी खेळतात, ते मी सोलापूरकरांना काय सांगणार! तासन् तास एका लयीत वाकायचं, उठायचं, वळायचं आणि शेजाऱ्याच्या पावलाशी पाऊल जुळवायचं, ही तालीमच आहे. १९९६ साली सोनीवर 'बूगी वूगी' सुरू झालं आणि या मुलांना टीव्ही हाच गुरू मिळाला. आता मोबाइल आहे. गॅदरिंगच्या मोसमात एकेक मुलगा चार-चार शाळांचे नाच बसवतो. त्या दोन महिन्यांच्या कमाईवर त्याचं बरंचसं वर्ष निघतं, हेही ध्यानात घ्या. माझं त्यांच्याशी भांडण एवढंच की टीव्हीवर शेवटचा नाच दिसतो, त्यामागची तालीम दिसत नाही. 'मुकाबला'मधल्या प्रभुदेवाची नक्कल सगळे करतात. तो लहानपणी भरतनाट्यम शिकलाय, हे किती जणांना माहीत असतं?

तालमीचा हा प्रश्न नुसता कलेचा नाही, गुडघ्यांचा आहे. भरतनाट्यमची अरमंडी, म्हणजे अर्धं बसून गुडघे बाहेर काढायचे. ही वळण कमरेच्या खुब्यातून यायला हवी. नुसती पावलं बाहेर फिरवली की सगळा पीळ गुडघ्यात बसतो. शिकलेला शिक्षक गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत आहे का, ते बघतो. न शिकलेला 'अजून खाली, अजून खाली' म्हणून ओरडतो. कथकमध्ये एका तासात पाय शेकडो वेळा आपटतो, आणि आपल्या घरांत खाली असते शहाबादी फरशी. तिच्यावर ततकार करून दहा वर्षांच्या मुली टाचा धरून बसलेल्या मी पाहिल्यात. जाणते शिक्षक लाकडी फळ्या टाकतात, ते नाही जमलं तर जाड सतरंजी तरी. पहिले काही महिने घुंगरू देतच नाहीत. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिसाच्या वर गेला की क्लास पहाटे सहाला घेतात आणि मधे दोनदा पाणी प्यायला लावतात. यातलं काहीच पाटीवर लिहिलेलं नसतं. क्लासमध्ये एक तास बसलं की मात्र कळतं. बसू देत नसतील, तर तेही कळलंच.

गेल्या काही वर्षांत अजून एक घाई आलीय. शास्त्रीय नृत्याच्या परीक्षा दिल्या की दहावीला वाढीव गुण मिळतात. त्यामुळे 'सर, दहावीच्या आत किती परीक्षा होतील?' असा हिशेब आईवडील पहिल्याच दिवशी मांडतात. गुण मिळावेत, माझी तक्रार नाही. पण एका परीक्षेचे चार तोडे पाठ करून घेणं म्हणजे शिकवणं नव्हे, आणि असं करायला नकार देणारे शिक्षक विद्यार्थी गमावतात. अशा दोघी-तिघी मला माहीत आहेत. त्यांचे वर्ग लहान आहेत. मी साथीला आधी तिथं जातो.

आणि जिल्ह्यातली सगळ्यांत लांबची तालीम तर कुठल्याच पाटीवर नाही. विठाबाई नारायणगावकर जन्मल्या आपल्या पंढरपुरात, १९३५ साली. वडील आणि चुलत्यांचा तमाशा, तोच त्यांचा क्लास. मोडनिंबच्या कलाकेंद्रांत आजही अशा बायका आहेत की ज्या कळत्या वयापासून घरातल्या मोठ्या बायकांकडे शिकत आल्या. एका जागी बसून, नुसत्या भुवईनं आणि बोटांनी लावणीची ओळ दहा तऱ्हांनी सांगायची, ही अदाकारी कुठल्याही प्रमाणपत्रात बसत नाही. आणि आमच्या क्लासांमधून लावणी शिकवली जाते ती सिनेमातल्या गाण्याचा व्हिडिओ लावून! मोडनिंब इथून गाडीनं तासाभराच्या अंतरावर. पण मी साथ केलेल्या एकाही क्लासनं तिथल्या बाईंना सन्मानानं, मानधन देऊन शिकवायला बोलावलेलं मला आठवत नाही. 'पालक काय म्हणतील', हे कारण असतं.

एखाद्या क्लासनं बोलावलंच, तर फडाच्या लावणीला ढोलकीवाला बघावा लागेल. तो हात माझा नाही. बैठकीच्या लावणीला तबला चालतो. त्याला मी येईन.