भिंतीपलीकडचे स्वयंपाकघर

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचून दाखविलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. परदेशच्या सिनेमांवर मी बोलणार हे फळ्यावर वाचून काहीजणी हसल्या असतील, तर त्यांनी खुशाल हसून घ्यावे. पण ह्या विषयाचे कारण तुम्हीच आहात. माझी थोरली मुलगी जर्मन शिकली आणि आता पुढच्या शिक्षणासाठी बर्लिनला निघाली आहे. ही बातमी कळल्यापासून तुमच्यापैकी निदान चौघींनी मला जिन्यात गाठून विचारले, "अहो, तिथे ती भिंत आहे ना? पोरीला कशाला पाठवता?"

तर आधी उत्तर देते. भिंत आता नाही. ९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री ती उघडली आणि पुढच्या वर्षी ३ ऑक्टोबरला दोन्ही जर्मनी एक झाल्या. आठवणीसाठी कुठे कुठे तुकडे राखून ठेवले आहेत तेवढेच. पण आपल्या डोळ्यांपुढून ती जात नाही, कारण सिनेमांनी ती तिथे उभी करून ठेवली आहे. धुके, काटेरी तारा, लांब कोट घातलेला हेर आणि पुलावर कैद्यांची अदलाबदल. बर्लिन म्हटले की मलाही एवढेच माहीत होते. मुलगी म्हणाली, "अगं आई, हे सगळे बाहेरच्यांनी काढलेले आहे. तिथल्या लोकांनी काढलेले बघ ना." म्हणून रात्री जेवणे आटोपली की ती खालच्या इंग्रजी ओळी मराठीत वाचून दाखवी आणि मी भाजी निवडीत बघे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. १९४५ साली लढाई संपली, तेव्हा जिंकलेल्या चौघांनी ती राजधानी वाटून घेतली. अमेरिका, इंग्लंड व फ्रान्स यांचे मिळून पश्चिम बर्लिन झाले, रशियाचे ते पूर्व. तरी पुढे पंधरा-सोळा वर्षे ये-जा चालू होती. घर एका बाजूला नि नोकरी दुसऱ्या बाजूला अशी कितीतरी माणसे होती. पूर्वेकडून लाखो लोक निघून जाऊ लागले, म्हणून १९६१ च्या ऑगस्टमध्ये १२ तारखेच्या रात्री तिथल्या सरकारने तारा ओढायला सुरुवात केली. सकाळी लोक उठले तो रस्ता बंद. मागाहून पक्की भिंत झाली. गंमत अशी, की कोंडले गेले पूर्वेचे लोक, पण नकाशावर बघाल तर भिंतीचा वेढा पश्चिम बर्लिनभोवती. चांगला दीडशे किलोमीटरहून जास्त. तिथे निदान १४० माणसांचे प्राण गेले.

त्या दिवसांतली खरी बातमीपटाची फीत मुलीने मला दाखविली. बेर्नाउअर नावाचा रस्ता आहे. तिथली घरे पूर्वेची आणि दारापुढची पायवाट मात्र पश्चिमेची. दारे विटांनी बुजविली तेव्हा लोक खिडक्यांतून उड्या टाकू लागले. सत्याहत्तर वर्षांची एक आजी खिडकीतून लोंबकळते आहे, वरून पोलीस तिचे हात धरून आत ओढताहेत नि खालून लोक पाय ओढताहेत. शेवटी ती खाली येते, वाचते. ही फीत पाहिल्यावर हेरांचे सिनेमे मला पोरखेळ वाटू लागले.

बाहेरच्यांच्या सिनेमांतला एक तेवढा सांगण्यासारखा. बिली वाइल्डर नावाच्या दिग्दर्शकाने १९६१ मध्ये 'वन, टू, थ्री' हा विनोदी सिनेमा बर्लिनमध्येच काढायला घेतला आणि चित्रीकरण चालू असतानाच भिंत उभी राहिली. मग शहराच्या मोठ्या वेशीची प्रतिकृती म्युनिकला बांधून काम पुरे करावे लागले. सिनेमा पडला. माणसे मरत असताना हसणार कोण? तोच १९८५ साली पश्चिम जर्मनीत पुन्हा लागला तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतला. विम वेंडर्स यांचा १९८७ चा देवदूतांचा सिनेमाही पाहिला. त्यात खऱ्या भिंतीपाशी परवानगी नव्हती म्हणून बहुतेक भिंत खोटी आहे. देवदूत अदृश्य होऊन लोकांच्या मनातले ऐकतात. सिनेमा सुंदर आहे, पण खरे सांगते, मध्येच मला डुलकी लागली.

पूर्व जर्मनीच्या सरकारी स्टुडिओने स्वतः काढलेला १९७३ चा 'पाउल आणि पाउला' मात्र मी डोळे ताठ करून पाहिला. हाइनर कारो हे त्याचे दिग्दर्शक. पाउलाला दोन मुले, नवरा नाही, दुकानात नोकरी. दारात कोळशाचा ढीग येऊन पडतो तो तिनेच हलवायचा. समोरच्या नव्या इमारतीत पाउल राहतो, चांगल्या हुद्द्यावरचा, लग्न झालेला. त्यांचे प्रेम जमते, पुढचे सांगत नाही. भिंत ह्या कथेत कुठेच नाही. मी मुलीला म्हटले, "हे लपवणेच झाले." ती म्हणाली, "सरकारच्या पैशाने काढलेल्या सिनेमात दाखवतील तरी कशी?" ते खरेच. पण मागून मला वाटले, रोज भिंतीजवळ राहणारी बाई तरी भिंतीकडे किती वेळ बघत बसेल? तिला कोळसा आहे, मुलांचे दूध आहे, दिवसभर पायांवर उभे राहणे आहे. लाखो लोकांनी तो सिनेमा पाहिला तो पाउला ओळखीची वाटली म्हणूनच. पुढे पाउलाचे काम करणारी आंगेलिका डोम्र्योझे १९८० साली देश सोडून पश्चिमेला गेली. मग तिकडे हा सिनेमा दाखवीनासे झाले. म्हणजे पडद्यावर नसलेली भिंत अशी आडवी आलीच.

आता शेजारणीची गोष्ट. 'दुसऱ्यांचे आयुष्य' असा अर्थ होणाऱ्या नावाचा २००६ चा सिनेमा आहे, त्याला ऑस्कर मिळाले. पूर्वेत सरकारचे एक पाळत ठेवणारे खाते होते, लोक त्याला श्टाझी म्हणत. शेवटी शेवटी त्याचे सुमारे ९१,००० पगारी नोकर होते आणि चोरून बातम्या पुरविणारे ह्याच्या दुपटीहून अधिक. सगळ्या देशाची वस्ती दीड कोटीच्या थोडी वर. सिनेमात ह्या खात्याचे लोक एका लेखकाच्या घरात, तो बाहेर गेलेला पाहून, भिंतींत तारा बसवितात आणि एक अधिकारी माळ्यावर बसून त्याचे सगळे बोलणे ऐकतो. तारा बसवून होतात तेव्हा समोरच्या बिऱ्हाडातली बाई दाराच्या भोकातून बघत असते. अधिकारी तिला एवढेच सांगतो, की एक शब्द बाहेर गेला तर मुलीची डॉक्टरीची जागा गेली. आणि हाताखालच्याला सांगतो, बाईंना सहकार्याबद्दल भेटवस्तू पाठवा.

पुढे एका संध्याकाळी लेखकाला टाय बांधता येत नाही, म्हणून तो ह्याच शेजारणीला बोलावतो. ती येते, टाय बांधून देते. हात थरथरतात, तोंडातून शब्द नाही. दोन मिनिटांचा प्रसंग असेल, पण माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. वाटीभर साखर मागायला आपण एकमेकींच्या दारात जातो. त्या दारात उभे राहून बोलता येत नाही, आणि न बोलण्याचे कारण आपलीच मुलगी! मुलगी मला म्हणाली, "आई, तू काय केले असतेस?" मी काही बोलले नाही. तुम्हीही घरी गेल्यावर एकट्याच विचार करा, येथे हात वर करू नका.

ह्या सिनेमात तो अधिकारी हळूहळू पालटतो आणि लेखकाला वाचवितो. पाहताना बरे वाटते. पण त्या खात्याच्या जुन्या तुरुंगाचे आता स्मारक केले आहे, तिथल्या प्रमुखांनी ह्या सिनेमाच्या चित्रीकरणाला जागा द्यायचे नाकारले. असा अधिकारी प्रत्यक्षात एकही झाला नाही, असे त्यांचे म्हणणे. मला त्यांचे पटते. शेजारीण खरी वाटते, अधिकारी गोष्टीतला वाटतो. दिग्दर्शक पश्चिमेत जन्मलेले, तेव्हा शेवट गोड करावासा वाटला असेल. अधिकाऱ्याचे काम करणारे उलरिश म्यूए मात्र पूर्वेकडचे, म्हणून तो चेहरा इतका गप्प आहे.

सगळ्यांत मला भिडला तो २००३ चा 'गुड बाय, लेनिन!'. व्होल्फगांग बेकर दिग्दर्शक, हेही पश्चिमेचेच, पण आईचे काम पूर्व जर्मनीतल्या काट्रिन सास यांनी केले आहे. ही आई आपल्या मंडळात शोभली असती. पुतळ्यांच्या नि मिरवणुकींच्या भक्तीतली, पण काम काय करी? शेजारणींसाठी अर्ज लिही. जाड्या बायकांना लोकरीचे कपडे नीट मापाचे मिळत नाहीत, अशी टोमणे मारणारी सरकारी पत्रे. आपण पाण्याच्या वेळेबद्दल लिहितो तशीच. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये मुलाला पोलीस धरून नेताना बघून तिला हृदयविकाराचा झटका येतो आणि आठ महिने ती बेशुद्ध राहते. तेवढ्यात भिंत पडते. डॉक्टर म्हणतात, आता धक्का सोसायचा नाही. म्हणून मुलगा तिच्या खोलीत जुना देश तसाच चालू ठेवतो.

देश चालू ठेवायचा म्हणजे काय, तर बरण्या. आईला श्प्रेवाल्ड भागातल्या मुरवलेल्या काकड्या हव्यात. दुकानांत रातोरात सगळा माल पश्चिमेचा. मग पोरगा हॉलंडच्या काकड्या आणतो, उकिरड्यातून जुन्या बरण्या शोधतो, उकळून घेतो आणि त्यांत भरतो. लोक इथे हसतात. मला हसू आले नाही. एका रात्रीत आपल्या हातची चवच दुकानातून नाहीशी झाली तर? १ जुलै १९९० ला तिथले पैसेही बदलले. ह्या बाईने आयुष्यभराची शिल्लक जुन्या कपाटात दडवलेली. ती सापडते तेव्हा नोटा बदलण्याची मुदत दोन दिवसांपूर्वीच संपलेली. बायकांची डब्यात नि फडताळात ठेवलेली शिल्लक, भगिनींनो! वर्तमानपत्रात स्वातंत्र्य आले असे छापून येते, आणि ती शिल्लक रद्दी होते. हे दोन्ही एकाच सिनेमात दाखविले म्हणून मी ह्याला सगळ्यांत खरा म्हणते.

आणि आईनेही लपवलेले असतेच. नवरा दुसऱ्या बाईपायी पळून गेला असे तिने मुलांना सांगितलेले. खरे म्हणजे तो आधी पश्चिमेला गेला आणि हिने मुलांना घेऊन मागून जायचे असे ठरले होते. हिचा धीर झाला नाही. मुलांना हिरावून घेतील ही भीती. त्याची पत्रे येत राहिली, तिने ती स्वयंपाकघरातल्या कपाटामागे सारून दिली. भिंत कुठे होती म्हणाल, तर मला ती त्या कपाटामागे दिसली.

शेवटी मुलगा मित्राच्या मदतीने एक खोटे बातमीपत्र तयार करून आईला दाखवितो, त्यात लोक पश्चिमेकडून पूर्वेत येताहेत असे. तोवर मुलाच्या मैत्रिणीने आईला खरे सांगून टाकलेले असते. मुलाला ते माहीत नाही. आई बातम्यांकडे कमी आणि मुलाकडेच जास्त बघत असते, आणि छान झाले म्हणते. मुलगी म्हणते, आईला फसवणे वाईटच. माझे म्हणणे, तिथे फसत होता मुलगा. ह्यावर आमचे अजून मिटलेले नाही.

पुढच्या शनिवारी दुपारी तीनला हा सिनेमा आमच्याकडे लावणार आहोत. मुलगी निघण्यापूर्वी ओळी वाचून दाखवीन म्हणाली आहे. यायचे त्यांनी चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत. सतरंज्या आहेत, भाजी निवडायला आणलीत तरी चालेल.