निसर्गरम्य कुणाला?

(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातलं भाषण. बोललं तसंच छापलंय.)



मला विषय दिलाय 'डहाणू-तलासरीचा दौरा'. पण दौरे पुढारी काढतात. पुढं जीप, मागं जीप, मधे हार. आम्ही दोघं एका सेकंडहँड मोटारसायकलवर फिरायला गेलो होतो. फिरायला. हा शब्द मी मुद्दाम वापरतो. कारण आपल्यातल्या काहींना फिरणं म्हणजे पांढरपेशांची चैन वाटते. सुट्टी पडली की त्यांनी माथेरान गाठायचं आणि आपण मोर्चाचे बोर्ड रंगवायचे, असं कुणी ठरवलं?

रस्ता ही आपल्यासाठी कधीच साधी गोष्ट नव्हती. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर आपल्या माणसाच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं होतं, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय. 1924 साली त्रावणकोरात वायकोमला सत्याग्रह झाला, तो देवळात शिरायला नव्हता, देवळाभोवतालच्या रस्त्यावरून चालायला होता. अमेरिकेत काळ्या माणसाने स्वतःची मोटार घेतली तरी रात्री कुठल्या गावात थांबलं तर जीव वाचेल, हे कळायला त्याला एक पुस्तक जवळ ठेवावं लागे. 'ग्रीन बुक'. 1936 पासून 1966 पर्यंत ते निघत होतं. आणि आपल्याकडे आजही नवरदेव घोड्यावर बसला म्हणून दगड पडतात. तेव्हा आपला पोरगा हप्त्याच्या का होईना, स्वतःच्या गाडीला कीक मारून पाहिजे त्या रस्त्याने जातो, यात मला चैन दिसत नाही. वसुली दिसते.

पण वसुली करायला निघालेल्या माणसाने रस्ता कुणाच्या दारातून जातो तेही बघावं. मला आज तेवढंच बोलायचंय.

माझा दोस्त वारली. तलासरीकडच्या एका पाड्यातला. मुंबईत गोदामात आम्ही एकाच पाळीला होतो. त्याचं नाव सांगत नाही, त्यानेच नको म्हटलंय. घोडबंदरवरून हमरस्त्याला लागलो, मनोर मागं पडलं, चारोटी नाका आला. डहाणूची महालक्ष्मी इथलीच. चैत्र पौर्णिमेला इथं जत्रा भरते, आदिवासी लोटतो. नाक्यावरून उजवीकडे वळायचं, कासा गाठायचं, तिथून सायवनचा रस्ता धरायचा. पाऊस नुकता सरलेला. दोन्ही बाजूंना भात पिवळं पडायला लागलेलं, वर नाचणी-वरई, त्याच्या वर साग, आणि मोकळ्या माळांवर कमरेइतकं उभं गवत. वाऱ्याने ते सगळं एकदम वाकायचं नि एकदम उठायचं. समोर गंभीरगड, ढगात अर्धा बुडालेला. वळणावळणाचा रस्ता. सालं, सुंदर होतं. सुंदरला सुंदर म्हणायला आपल्याला कुणाची परवानगी नको.

मी गाडी थांबवली. म्हटलं, गवत बघ काय मस्त आहे. तो म्हणाला, "ह्याच गवतावरनं आमची माणसं मेली."

गाडीवर बसूनच त्याने हा इतिहास सांगितला. शाळेच्या पुस्तकात तो नाही. असला तर दोन ओळींत.

हे गवत कापून मुंबईच्या तबेल्यांना जायचं. गवत, लाकूड, जमीन, सगळं सावकार-जमीनदारांचं आणि ठेकेदारांचं. वारल्याने स्वतःचं शेत टाकून आधी मालकाचं शेत फुकट नांगरायचं, त्याचं नाव वेठ. पावसाळ्यात पोटाला धान्य उसनं घ्यायचं, त्याचं नाव खावटी, आणि दिलेल्यापेक्षा कितीतरी जास्त फेडायचं. लग्नाला मालकाकडून पैसे काढले की नवरा-बायको दोघंही त्याच्या घरी राबायला, जन्मभर. त्याचं नाव लग्नगडी. नावं बघा कशी घरगुती आहेत! गुलामीला आपल्या देशात नेहमी घरगुती नाव असतं. आपल्याकडे बलुतं होतं, इथं खावटी होती.

1945 च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं. तिथं जाऊन आलेल्या वारल्यांनी गोदावरी आणि शामराव परुळेकरांना इकडं आणलं. मे महिन्यात झरीला सभा झाली. वेठ बंद म्हणजे बंद, असं ठरलं आणि काही आठवड्यांत ती बंद झालीसुद्धा. लग्नगडी सुटले. मग पाऊस सरला, गवत उभं राहिलं आणि वारल्यांनी कापायचं थांबवलं. मागणी काय होती? पाचशे पौंड गवत कापायचे अडीच रुपये. बस. त्यावर 10 ऑक्टोबर 1945 ला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. बाईंच्या जिवाला धोका आहे अशी खोटी आवई उठवून माणसं गोळा केली होती. ती आपल्या बाईला वाचवायला आली होती. पाच मेले. जेठ्या गांगड त्यातला एक. आजही 10 ऑक्टोबरला तिथं माणसं जमतात, लाल बावटा लावतात.

आता इथं काही जणांच्या कपाळाला आठ्या पडतील, की हा लाल बावट्याचं काय घेऊन बसला. लाल की निळा, यावर आपण चहाचे किती कप रिचवले त्याचा हिशेब नाही. तर ऐका. हे शामराव परुळेकर 1937 साली मुंबई विधिमंडळात निवडून आले ते बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या तिकिटावर. 1938 च्या जानेवारीत खोती मोडायला बाबासाहेबांच्या पुढारपणाखाली हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून आले, त्यात परुळेकर होते. पुढं वाटा फुटल्या, भांडणं झाली, ती खरीच होती, मी ती पुसत नाही. पण कोकणातल्या खोतीपासून तलासरीच्या वेठीपर्यंत पायवाट आहे आणि ती आपल्या अंगणातून निघते. ज्याला ती दिसत नाही त्याने निळा झेंडा नुसता खांद्यावर घेतलाय, डोळ्यासमोर धरलेला नाही.

पुढं सायवनच्या अलीकडे चेनचं लॉक उडालं. चेन लोंबायला लागली. गॅरेज नाही, वस्ती नाही. गाडी ढकलत चढ चढलो तेव्हा कळलं, मघाशी ज्याला आपण 'काय वळण आहे' म्हणत होतो त्या वळणावर डोक्यावर हंडा असला तर पाय कसा टाकावा लागत असेल. एका पाड्याशी थांबलो. कारवीच्या कुडाचं घर, शेणाने सारवलेलं. ओट्यावर एक म्हातारा. त्याने दोस्ताला वारलीत विचारलं, हा कुणातला? दोस्त गप्प. हा प्रश्न मला तोंडपाठ आहे. महाराष्ट्रात कुठंही गेलं तरी पाण्याच्या आधी तो येतो. मी म्हटलं, बौद्ध. म्हातारा थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे जयभीमवाले. तुम्ही लढता ना?" आणि आतून पाणी आणायला सांगितलं.

पाणी आणलं त्या पोरीने किती लांबून ते भरलं होतं, हे दोस्ताने नंतर सांगितलं. त्याच डोंगरांतून सूर्या नदी वाहते. तिच्यावर धामणीला धरण आहे. त्या पाण्यावर वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठी रोज 403 दशलक्ष लिटरची योजना आहे. धरणाखाली गेली ती आदिवासीची शेतं. शहराला पाणी नको असं मी म्हणत नाही, तिकडच्या चाळीत आपलीच माणसं राहतात. पण आपल्या नळाला पाणी येतं तेव्हा ते कुणाच्या हंड्यातून आलं, हे विचारायचं की नाही?

या डोंगरांनी स्वतःही एकदा तोंड उघडलं. 2018 च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसायला लागले. धुंदलवाडी, हळदपाडा, रोज थरथर. 1 फेब्रुवारी 2019 ला 4.1 चा धक्का बसला. लोक घराबाहेर ताडपत्रीखाली झोपले, थंडीत, पोराबाळांसकट. तेव्हा हा रस्ता निसर्गरम्य आहे म्हणून किती जण आले होते?

चेन एका ट्रकवाल्याच्या तारेने बांधली, उधव्यामार्गे तलासरी गाठली आणि दुसऱ्या दिवशी समुद्राकडे उतरलो. बोर्डी, घोलवड, डहाणू. चिकूच्या वाड्या, सुरूची झाडं, स्वच्छ किनारा. चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. चिकू तोडणाऱ्या वारलणीला कसलंही मानांकन नाही. 1991 साली केंद्र सरकारने अधिसूचना काढली की डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक, इथं जपून. आणि 30 ऑगस्ट 2024 ला त्याच किनाऱ्यावरच्या वाढवणला शहात्तर हजार कोटींच्या बंदराची पायाभरणी झाली. निसर्ग कुणाला कधी नाजूक वाटेल ते भांडवलावर ठरतं.

आणि चित्रं! गंजाडचे जिव्या सोमा मशे. 2011 ला पद्मश्री, 2018 ला गेले. त्यांनी वारल्यांची चित्रं जगभर नेली. मुळात ती लग्नाचा चौक म्हणून सवाशिणी कुडावर लिहायच्या, तांदळाच्या पिठाने. आज ती पंचतारांकित हॉटेलच्या भिंतीवर आहेत, चादरीवर, चहाच्या कपावर आहेत. भिंतीवरचा वारली सगळ्यांना पाहिजे. जमिनीवरचा वारली सातबारा मागायला लागला की नको.

शेवटचं सांगतो. 1952 साली चे गव्हेरा आपल्या दोस्ताबरोबर मोटारसायकलवर दक्षिण अमेरिका बघायला निघाला. त्याचे फोटो तुमच्या शर्टांवर आहेत. पण ती गाडी चिलीमध्ये कायमची मेली, हे शर्टावर नाही. पुढचा प्रवास त्यांनी पायी आणि ट्रकांतून केला. गंधकाच्या खाणीकडे निघालेलं कामगार जोडपं त्याला भेटलं ते त्यानंतर. गाडी चालू होती तोवर त्याने देश पाहिला. बंद पडल्यावर माणसं पाहिली.

1973 च्या जाहीरनाम्यात पँथरने दलित कोण ते लिहिलं, त्यात आदिवासी आहे. ते शब्द मुंबईत लिहिले गेले. ते खरे की खोटे, हे सायवनच्या ओट्यावर ठरतं. तिथला म्हातारा विचारतो, तुम्ही लढता ना? आपण सगळ्यांनी मिळून त्याला उत्तर द्यायचंय.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. जा. गाड्या काढा, डोंगर बघा, पोटभर बघा, तो तुमचा हक्क आहे. पण गवत दिसलं की भाव विचारा. पाणी दिसलं की ते कुठं जातं ते विचारा. 'जेव्हा माणूस जागा होतो' हे गोदावरीबाईंचं 1970 चं पुस्तक जायच्या आधी वाचा, आल्यावर नव्हे. वनहक्क कायदा 2006 सालचा आहे. पाड्यावरच्या पोरांना दाव्याचा अर्ज भरून द्यायला आपल्यातला एक बी.ए. झालेला पुरतो. महिन्यातला एक रविवार द्या. पेट्रोल वर्गणीतून काढू.

गाडीवर मागची सीट असते, ती रिकामी नेऊ नका.

जयभीम!